कळणाऱ्यांची बैठक

वेणीमाधवाच्या पहिल्या बैठकीला चार माणसं आली आणि तीही मधेच उठून गेली. म्हणून दुसऱ्या बैठकीआधी त्यानं सोलापुरात पेठापेठांतून दवंडी पिटवली, "ऐका हो ऐका! रविवारी दत्ताच्या देवळात वेणीमाधवाचं गाणं हाय! गाण्यातलं कळतंय त्यांनीच यावं! ज्याला कळत न्हाय, त्यानं मधनं खुशाल उठून जावं!"

रविवारी सतरंज्या पुरेनात. वकील, अडते, मास्तर, सगळे माना डोलवत बसले. पायांना मुंग्या आल्या, गिरणीचा भोंगा झाला, तरी कुणी हलेना.

उठले ते फक्त वेणीमाधवाचे गुरू, गंगाधरबुवा.

"बुवा, निघालात?" तो कासावीस होऊन म्हणाला.

"तूच दवंडी पिटवलीस की," बुवा काठी शोधत म्हणाले. "मला काही कळेना बाबा, तू काय गातोयस ते."