विनाअर्ज

नागरिकाच्या मनातलं सरकारला न सांगता कळेल, त्या दिवशी लोकशाही पूर्णत्वाला पोचेल, असं म्हणतात. धुळ्याच्या भावसारांकडे ती मंगळवारी सकाळी, पोह्यांच्या वेळेला पोचली.

दारात पुरवठा खात्याची बाई उभी होती. "अभिनंदन, तुमची शिधापत्रिका विभक्त झाली. ही भास्कररावांची, ही उमेशरावांची."

"विभक्त?" दोघांची आई, शालिनीबाई, हातात कालथा घेऊनच बाहेर आल्या. "अर्ज कुणी केला?"

"अर्ज बंद झाले, आजी. घरात फोनसमोर जे बोलणं होतं, त्यावरून गरज ओळखून आम्हीच कागद करतो. तुमचे हेलपाटे वाचतात."

भास्करने धाकट्याकडे बघितलं. "तू बोललास?"

"मी फक्त हिच्याशी. आणि तू, दादा?"

"मीपण हिच्याशीच."

दोन्ही सुना एकदमच चहा टाकायला आत गेल्या.

शालिनीबाईंनी चष्मा लावून दोन्ही कार्डं वाचली. मुलगे, सुना, नातवंडं, सगळे जागच्या जागी होते. "ताई, मशीन चुकलं तुमचं. माझं नाव राहिलं. मला भास्करकडे लिहा."

भास्कर पोह्यांतले शेंगदाणे वेचत राहिला.

"बरं, उमेशकडे लिहा."

उमेशला नेमका फोन आला.

"ते चुकत नाही हो, आजी," असं म्हणून बाईने पिशवीतून तिसरं कार्ड काढलं. कुटुंबप्रमुख : शालिनी दामोदर भावसार. एकूण सदस्य : एक.

एका सदस्याला दरमहा पाच किलो धान्य मिळतं.