आधी धूर कुणाचा

"त्यांच्या धुराड्यातून धूर निघतोय का?" कल्पनाने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

उदय पडद्याआडून शेजारच्या छपराकडे बघत होता. "नाही अजून."

"मग आपलीही शेगडी राहू दे."

काडेपेटी पुन्हा कपाटात गेली. घरात अकरा अंश होते. बैठकीच्या खोलीत घरमालकाची लोखंडी शेगडी लख्ख पुसून ठेवलेली होती, आणि तिच्यासमोर उदयची आई, लीलावतीबाई, दोन स्वेटरांवर मुलाचा कोट चढवून बसल्या होत्या. सुनेच्या बाळंतपणासाठी त्या साताऱ्याहून जपानात, त्सुकुबाला आल्या होत्या. "बंब पेटवायला आम्ही कधी शेजारणीची वाट बघितली नाही," एवढं बोलून त्यांनी मफलर कानावर ओढला.

आईंचं खरंच होतं, पण बंबातलं लाकूड सातारचं होतं. हे लाकूड शेजारच्या सेकिने-सानांचं. पंचाहत्तरीच्या या गृहस्थांनी ऑक्टोबरात छोटा ट्रक भरून ते आणून दिलं, आपल्या हाताने भिंतीशी रचलं, आणि जाताना म्हणाले, "आमच्या डोंगरावरचं आहे, हाकासे. नीट बघून वापरा." पीएच.डी. झालेल्याला तिकडे हाकासे म्हणतात. उदयची पीएच.डी. भातावरच्या करपा रोगात होती, पण गल्लीच्या लेखी शास्त्रज्ञ तो शास्त्रज्ञ. बघून वापरायचं ते हाताला कुसळ लागेल म्हणून, असं समजून त्याने मान डोलावली.

भूकंपाला पावणेदोन वर्षं होत आली होती. फुकुशिमाच्या अणुभट्टीतून उडालेली धूळ कमीअधिक प्रमाणात इकडच्या डोंगरांवरही बसली होती. कुठलं लाकूड जाळण्याजोगं आहे, ते त्यातला किरणोत्सार मोजल्याशिवाय कळत नव्हतं. कल्पनाला सहावा महिना होता. मोजायचं यंत्र उदयच्याच संस्थेत, तिसऱ्या मजल्यावर होतं, आणि ते चालवणारा स्वानंद दर शनिवारी त्यांच्याकडे जेवायला यायचा.

"एक ढलपी घेऊन जा ना त्याच्याकडे. अर्ध्या तासाचं तर काम," कल्पना पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

"आणि सेकिने-सानांच्या कानावर गेलं तर? प्रेमाने दिलेली वस्तू कुणी तपासून घेतं का? तुझ्या चकल्या उद्या कुणी लॅबमध्ये पाठवल्या तर चालेल तुला?"

चकल्यांचा दाखला कल्पनाला पटला. मग दोघांनी मिळून तोडगा काढला. सेकिने-सान इथले, डोंगर त्यांचा. वाईट लाकूड ते स्वतःच्या घरात जाळणार नाहीत. त्यांच्या धुराड्यातून धूर निघाला की आपण काडी ओढायची. कुणाचा अपमान नाही, बाळाला धोका नाही. उदयला तर हा तोडगा इतका आवडला की त्याने तो स्वानंदला फोन करून सांगितला.

पण धूर काही निघेना. गल्लीत सात घरं होती, सात धुराडी होती, आणि नोव्हेंबर निम्मा सरला तरी सगळी कोरडी. इथल्या लोकांना थंडी वाजतच नाही, असं अनुमान उदयने काढलं. घरात नऊ अंश झाले, मग आठ. एसी गरम हवेवर चालू होता, पण जुन्या लाकडी घरात त्याची ऊब फटीफटींतून बाहेर जाई. रॉकेलच्या हीटरच्या वासाने कल्पनाला उलटी होई.

रविवारी पारा सातावर आला तेव्हा लीलावतीबाईंनी कोट काढून मुलापुढे ठेवला. "भीड भिकेची बहीण, उदय. तुला जमत नसेल तर मी जाते आणि खुणांनी विचारते."

उदयला लाज वाटली. पोटुशी बायको आणि सत्तरीची आई आपल्या सभ्यतेपायी कुडकुडतायत, हे त्याला पहिल्यांदाच स्वच्छ दिसलं. तो मागच्या दारी गेला, ढिगातलं एक लाकूड फोडलं आणि ढलपी कागदात गुंडाळून ऑफिसच्या बॅगेत टाकली. उद्या सकाळी स्वानंद, संध्याकाळी शेगडी. त्याला एकदम हलकं वाटलं.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात सेकिने-सान होते. मागे त्यांचा छोटा ट्रक रिकामा उभा होता. त्यांनी हातमोजे काढले आणि कमरेत वाकले.

"लाकूड परत न्यायला आलोय. फार त्रास दिला तुम्हाला."

"त्रास? कसला त्रास?" उदय गोंधळला.

"आमच्या सगळ्यांचं लाकूड त्याच डोंगरावरचं, म्हणून महिनाभर सगळी गल्ली तुमच्या धुराड्याकडे बघतेय. तुमच्या संस्थेत यंत्र आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. पण तुमच्यासारख्या माणसाला मोजून द्या म्हणायचं कसं? म्हणून लाकूडच आणून दिलं. घरात बाळ येणार, हाकासे मोजल्याशिवाय पेटवायचे नाहीत. त्यांनी पेटवली की आपण पेटवायची, असं ठरलं होतं आमचं." म्हाताऱ्याने एकवार छपराकडे नजर टाकली. "तुम्ही पेटवली नाहीत. समजलो आम्ही. बाकीच्या पाचही घरांनी परवा रॉकेलचे हीटर आणले. डोंगरावरची झाडं माझ्या आजोबांच्या हातची. काल मी तिथल्या फाटकाला कुलूप घातलं."

उदय घाईने पुढे झाला. "सेकिने-सान, खरं सांगायचं तर मी अजून..."

म्हाताऱ्याने हात वर करून त्याला थांबवलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"नको, आकडा सांगू नका. इतके दिवस तोंडाने बोलून दाखवलं नाहीत, हेच तुमचे उपकार." आणि ते पुन्हा वाकले, मघापेक्षा खाली.

उदयही, जपानातल्या सात वर्षांच्या सवयीने, त्यांच्याहून खाली वाकला.