खालचे कप्पे

नदीकाठच्या त्या लहानशा गावात धाकट्या भावाकडे ताई पहिल्यांदाच राहायला आली आणि स्वयंपाकघर पाहून तिनं कपाळाला हात लावला. पिठाचे डबे, चादरी, भाचीची पुस्तकं, सगळं छतालगतच्या फळीवर. खालचे कप्पे मात्र रिकामे.

"अगं, साखर काढायला रोज शिडी लावतेस की काय?"

"सवय झालीय, ताई," भावजय हसून म्हणाली आणि शिवणाच्या दुकानात कामाला गेली.

ताईनं पदर खोचला. संध्याकाळपर्यंत एकूण एक वस्तू खाली आणली, पुसली, ओळीनं लावली. भावजय परतली तेव्हा दारातच थबकली. मग हळूच म्हणाली, "किती हाताशी आलं सगळं."

ताई तोऱ्यात परत गेली आणि शेजारणींना सांगत सुटली, "मी गेले म्हणून त्या घराला वळण लागलं."

आठवड्याभरात भावाचा फोन आला. "यंदाही नदी घरात येऊन गेली, ताई. माणसं सुखरूप आहोत, सामान तेवढं गेलं."

"अरे, मग वर नाही का ठेवायचं?"

 

"मी म्हणत होतो. पण ही म्हणाली, ताईंनी एवढ्या मायेनं लावलंय, थोडे दिवस तरी राहू दे."