कड्यावरची मेंढी

“अहो काका, मेंढी तुमचीच ना? मग नुसते बघत काय उभे राहिलात?” लाल टोपीवाल्या बाईने विचारलं.

मेंढी जॉस टायसनचीच होती. परवा कोवळ्या गवताच्या लोभाने ती कड्याच्या मधोमध एका अरुंद टप्प्यावर उतरली आणि अडकली. वर येता येईना, आणि खाली नुसते दगड.

“अजून दम आहे तिच्यात,” जॉस म्हणाला. “आत्ता जवळ गेलो तर बिचकून उडी मारेल. उद्यापर्यंत भुकेने गळाली, की अलगद उचलून आणीन. आमच्यात असंच करतात.”

“म्हणजे उपाशी ठेवणार तिला? शी!”

टेकडी एवढीशी, पण मोठी खाष्ट, नुसता खडक. तरी रविवारी पार केंडल शहरापासूनची माणसं तिच्यावर लोटतात. आज ती सगळी माथा सोडून इथेच सँडविच खात थांबली होती. एकाने मोबाइल वर धरला. “बघू दे जगाला, धनगराची माया!”

कुणीतरी फिदीफिदी हसलं. जॉसचे कान तापले. साठी उलटलेला माणूस, पण चारचौघांत मुस्काटात बसावी तसं त्याला झालं. त्याने दोर खडकाला बांधला आणि दुसरं टोक कमरेला.

“जॉस, डोकं फिरलंय का तुझं?” त्याची बायको, नेली, पुढे आली. “ही माणसं संध्याकाळी आपापल्या घरी जातील. आपण उद्या येऊ.”

“तू दोर सोड हळूहळू.”

तो उतरला. हात पोचायला जरासंच अंतर उरलं होतं. मेंढीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि ती चारी पायांनी उसळली. खालून आवाज यायला थोडा वेळ लागला.

जॉस वर आला. मग लाल टोपीवालीने डोळे पुसले. “तुम्ही प्रयत्न तरी केलात, काका.” एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. जॉसला वाटलं, यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नेली त्याच्या कमरेची गाठ सोडत होती. त्याला तिच्याकडे बघवेना.

“मला ठाऊक होतं गं,” तो पुटपुटला. “सगळं ठाऊक होतं. पण एवढी माणसं बघत होती.”

“मेंढीही तुझ्याकडेच बघत होती,” नेली म्हणाली.