खळगा

बाबा गेल्यापासून होडी ट्रेलरवर धूळ खात होती. ट्रेलरच्या ज्या दोन फळ्यांवर ती टेकलेली होती त्या कुजल्यावर लेक म्हणाली, "सुतार कशाला? आपले हात काय मोडलेत?" आईच्या मदतीने तिने होडी जॅकवर चढवली, होडी घासू नये म्हणून एका फळीवर ठोकलेली गालिच्याची पट्टी उपटली आणि थबकली. फळीत वाटीएवढा खळगा पटाशीने कोरलेला होता. नेमकं वर, होडीच्या तळाला, रंगाखाली दडवलेलं तेवढंच फुगीर ठिगळ. दहाव्या वर्षी हट्टाने वल्ही हिसकावून तिने होडी खडकावर आदळली होती. बाबांनी तळावरून हात फिरवला. "काही झालेलं नाही गं. चल, पुढेही तूच वल्हव." त्या शब्दावर ती तीस वर्षं पाण्याला भ्यायली नाही. नव्या फळीला तिने पटाशी लावताच आई ओरडली, "अगं, चांगल्या फळीला खड्डा कशाला? होडीला काही झालंय?" तिने ठिगळावरून हात फिरवला. "काही झालेलं नाही गं."