सुटलेल्या बसचं गणित

माझी नात नंदिनी सकाळपासून एकाच गणितावर अडली होती. थांब्यावरून सुटलेली बस सारखा वेग वाढवत जाते आणि मागून एक प्रवासी एकाच वेगाने धावतो, तर तो तिला किती वेळात गाठेल?

तिसऱ्यांदा खोडून तिने पेन आपटला. "वेळ निघतच नाई, आजी! वर्गमुळात उणे संख्या येऊन राह्यली."

"म्हणजे काय होते?"

"म्हणजे तो कितीही धावला तरी बस त्याले सापडतच नाई. गणितच चुकीचं छापलं! असं कुठं होते काय?"

 

"गणित बरोबर आहे, माय. मॅट्रिकच्या पेपरच्या दिवशी घरचं पाणी भरून निघाली, अन् देवळीच्या थांब्यावरून बसमागं चपला हातात घेऊन धावलती मी."