अंगठेबहाद्दर

कंपनीने रसायनांचं पाणी ओढ्यात सोडणं थांबवावं, या अर्जावर नर्सबाईंनी अख्ख्या गल्लीच्या सह्या घेतल्या होत्या. राहिला होता फक्त त्यांचा सख्खा थोरला भाऊ. तो त्याच कंपनीत टाक्या धुवायच्या कामावर होता, म्हणून इतके दिवस त्याच्या दाराकडे त्यांचं पाऊल वळत नव्हतं.

दादाने अर्ज शांतपणे शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाला, "सही नाही करणार. अंगठा देतो. म्हाताऱ्यांसाठी ते शाईचं पॅड आणलंयस ना, ते दे इकडे."

"काहीतरीच काय, दादा? हात धरून मला अक्षरं गिरवायला लावलीस तू, आणि आता स्वतः अंगठेबहाद्दर होतोस?"

"माझी सही साहेब लांबून ओळखतील."

"मग अंगठा नाही ओळखणार? त्यासाठीच तर घेतात तो."

"माझा नाही ओळखत कोणी. दोन वर्षं झाली, गेटवरचं हजेरीचं मशीनसुद्धा ओळखत नाही."

त्याने अंगठा शाईवर टेकवला आणि कागदावर नीट दाबला. बाईंनी कागद खिडकीशी नेऊन पाहिला. निळा डाग गुळगुळीत होता. त्यात एकही रेघ उठली नव्हती. मग त्यांनी पुढे नाव लिहायला पेन उघडलं.

"नाव नको लिहूस," दादा म्हणाला. "टाक्यांवरच्या आम्हा अकराही जणांचा असाच उठतो. हा अर्ज आणि ते पॅड उद्यापर्यंत माझ्याकडे राहू दे."